परचुरेबाईंची मुदतवाढ

परचुरेबाईंना कुणी ‘आजी’ म्हटलेलं चालत नसे. भाजीवाला, कुरिअरवाला, बँकेतली नवी मुलगी, सगळ्यांना त्या एकाच सुरात सांगत, “मी कुणाची आजी नाही. परचुरेबाई म्हणा.” त्यात राग नसे. वाट चुकलेल्या माणसाला गल्ली दाखवावी, तसं सांगत. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांचा आवाज न ओरडता जिन्याच्या तळापासून गच्चीपर्यंत पोचायचा. पालिकेच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि पाण्याच्या गोंगाटावरून पलीकडच्या काठापर्यंत बोलणं पोचवायची त्या आवाजाला सवय होती.

आम्ही कसब्यातल्या या इमारतीत राहायला आलो तेव्हा त्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण सकाळी शिकवायला जाणं सुटलं नव्हतं. त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. मान उघडी पडेल इतके आखूड केस, सुती पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना रिक्षात बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करत आणि राजकारणाच्या बातम्यांपाशी पोचल्या की घडी घालून रद्दीत टाकत. दारावर सूचनेची पाटी नव्हती. पुण्यात हे जरा जगावेगळंच. मी एकदा गमतीने तसं म्हटलं, तर म्हणाल्या, “सांगायचं असेल तर तोंड आहे की. पाटी कशाला?”

पाण्यात आयुष्य काढल्यामुळे त्यांचा डावा कान अधू झाला होता. कुणी कामाचं बोलू लागलं की त्या मान वळवून उजवा कान पुढे करत. कुणी फापटपसारा मांडला, की तितक्याच सभ्यपणे डावा कान त्याच्याकडे करत आणि समोर बघत बसत. सोसायटीत नवा आलेला माणूस पाच-सहा महिन्यांत हे ओळखायला शिके. बोलताना बाईंचा कुठला कान आपल्याकडे आहे हे बघून माणसं आपलं बोलणं आवरतं घेत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोला, अनघाला, जिन्यात थांबवून विचारलं, “पोहता येतं?” अनघा म्हणाली, नाही हो, आता या वयात काय शिकायचं. बाई म्हणाल्या, “पाण्याला वय कळत नाही. सोमवारी या.” अनघाला पाण्याची लहानपणापासून भीती. नदीच्या घाटावर ती पहिल्या पायरीच्या खाली उतरत नसे. तरी ती सोमवारी गेली, कारण बाईंना नाही म्हणायचं कसं हे तिला सुचलं नाही. तीन-चार दिवस कडेचा दांडा धरून पाय मारून झाल्यावर बाईंनी दांडा सोडायला सांगितला. हिने सोडला नाही. बुडेन म्हणाली. बाई काठावर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “बुडालात तर मी आहे. पण आधी बुडून तर दाखवा.”

अनघा त्या दिवशी घरी आली ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं होतं, डोळे लाल झाले होते आणि दांडा सुटला होता. पावसाळ्याच्या आत ती तलावाची लांबी पार करायला लागली. बाईंनी तिला ‘ठीक’ म्हटलं. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. मात्र त्या दिवसापासून त्या तिला अगं-तुगं करू लागल्या. मी शेवटपर्यंत ‘अहो जोगळेकर’च राहिलो.

बाईंनी हे घर कसं घेतलं, ती गोष्ट तळमजल्यावरच्या साठेकाकांनी मला सांगितली. काका त्या वेळच्या कमिटीवर होते, आणि ही गोष्ट आपल्याच विरुद्ध जाते हे ठाऊक असूनही मोठ्या आवडीने सांगत. पहिल्या मजल्यावरचे सभासद घर विकून निघाले होते. बाई तेव्हा तिशीच्या. लग्न झालेलं नाही, पहाटे बाहेर पडणार, दिवेलागणीला परतणार, कामावर पोहण्याचा पोशाख. कमिटीला ते पचेना. त्यांनी निरोप दिला, वडील किंवा भाऊ कुणीतरी बरोबर घेऊन या, मग बोलू. बाई एकट्याच आल्या. अध्यक्षांनी विचारलं, कुणी पुरुष माणूस नाही का बरोबर? बाई म्हणाल्या, “घर मला घ्यायचंय. भावाशी बोलायचं असेल तर त्याचा पत्ता देते.”

कमिटीने निर्णय पुढे ढकलला. पुढच्या बैठकीला बाई न बोलावता हजर. मागच्या रांगेत बसल्या, काही बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीलाही तेच. पंप बिघडल्याची चर्चा असो, की जिन्यात सायकली लावण्यावरून भांडण असो, बाई मागे बसलेल्या. “आम्ही दमलो हो,” साठेकाका सांगायचे. “ती बाई दमायचं नाव घेईना. शेवटी अध्यक्षच म्हणाले, देऊन टाका घर, निदान मागे तरी बसणार नाही.” हे खरं झालं नाही. घर मिळाल्यावर त्या सभासद म्हणून पहिल्या रांगेत बसायला लागल्या.

या इमारतीचं एक दुखणं होतं, आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो. घरं आमची होती, पण इमारतीखालची जमीन आमची नव्हती. ती गुळवे नावाच्या जुन्या घराण्याची. थोरल्या गुळव्यांनी ती सोसायटीला साठ वर्षांच्या पट्ट्याने दिली होती. म्हणजे भिंती आमच्या, गच्ची आमची, माती त्यांची, आणि त्या मातीचं दरवर्षी नाममात्र भाडं. साठ वर्षं म्हणजे त्या काळी लोकांना कायमचंच वाटलं असणार. पट्टा संपताना उभय पक्षांना मान्य होतील अशा अटींवर मुदत वाढवता येईल, असंही त्यात लिहिलेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा विचार कुणी करत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी घर विकायला काढलं तेव्हा सगळं वर आलं. घेणारा मिळाला, पेढेसुद्धा वाटून झाले, आणि त्याच्या बँकेने कर्ज नाकारलं. पट्ट्याची थोडीच वर्षं उरली आहेत, एवढंच कारण. दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही याच कारणाने गेलं. मग इमारतीत एकेकाला आपण कशावर उभे आहोत याचा साक्षात्कार व्हायला लागला. माणसं जिन्यात हळू आवाजात बोलू लागली. कुणी घराला रंग द्यायचं थांबवलं, कुणी नवीन पंखा घ्यायचा थांबवला. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तेही दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. लोक मला विचारायला येत आणि मी प्रत्येकाला बघू म्हणून परत पाठवत असे.

थोरले गुळवे केव्हाच गेले होते. कारभार त्यांचा नातू ऋषिकेश बघत होता. मुलगा वाईट नव्हता. हुशार, नीटनेटका, बोलायला गोड. एका रविवारी तो स्वतः आला. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि त्याने आम्हाला चित्रं दाखवली. धायरीला त्याच्या ओळखीच्या बिल्डरचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. आम्ही पट्टा संपायची वाट न बघता जागा सोडली, तर प्रत्येकाला तिथे घर. लिफ्ट, जनरेटर, बाग, क्लब हाउस, स्विमिंग पूल. इथे कसब्यात तो नवीन इमारत बांधणार होता. सभासद मन लावून बघत होते. जिना चढून गुडघे दुखणाऱ्यांना ती लिफ्ट चादरीवरसुद्धा छान दिसत होती.

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी विचारलं, तलाव किती खोल आहे. ऋषिकेशने बरोबरच्या माणसाला विचारलं आणि म्हणाला, “चार फूट, आजी. सेफ्टीसाठी.”

“परचुरेबाई,” बाई म्हणाल्या. “चार फुटांत माणूस पोहत नाही, भिजतो.”

लोक हसले, तोही हसला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि सरळ बोलला. म्हणाला, “फ्रँकली सांगतो. लीज संपलं की कायद्याने तुमच्या हातात काही राहत नाही. आज ऑफर आहे. उद्या असेलच असं नाही.” त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

बाईंनी उजवा कान त्याच्याकडे केलेला होता. तो बोलायचा थांबल्यावर त्या म्हणाल्या, “पट्ट्यात मुदतवाढ मागायची सोय आहे. ती आम्ही मागणार आहोत. तिचं उत्तर हो द्या किंवा नाही द्या. धायरी हे तिचं उत्तर नाही.”

तो गेल्यावर लोक बाईंवरच उखडले. हाताशी आलेलं घालवताय म्हणाले. कुलकर्णी तर फार बोलले. त्यांचं अडलंही होतं सगळ्यांत जास्त. ते म्हणाले, तुमचं काय जातंय बाई, तुमच्यामागे आहे कोण, आम्हाला मुलाबाळांचं बघायचंय. मला वाटलं आता बाई डावा कान करणार. त्यांनी केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जायचं असेल तर खुशाल जा, कुलकर्णी. सामान उतरवायला मी येईन. पण तिथलं घर आवडलं म्हणून जा. भ्यालात म्हणून जाऊ नका.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुदतवाढीच्या पत्राचा मसुदा त्यांना दाखवायला नेला. मी बरंच सविस्तर लिहिलं होतं. सभासदांचं वय, अडचणी, गुळवे घराण्याची परंपरा, आपण कृपावंत होऊन सहानुभूतीपूर्वक विचार करावा, वगैरे. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “जोगळेकर, यात आपण फार ओशाळलेले दिसतोय. विनंती काढा, मागणी लिहा. वयं काढा. आजार काढा. कृपा तर काढाच.” सगळं काढल्यावर पाच ओळी उरल्या. त्या गुळव्यांकडे पाठवल्या.

उत्तर आलं नाही. त्याऐवजी एका सकाळी फाटकापाशी लोखंडी फलक उभा राहिला. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय या मिळकतीत कोणतंही बांधकाम वा दुरुस्ती करण्यास मनाई आहे. गच्ची तेव्हा गळत होती, वरच्या मजल्यावर कुलकर्ण्यांच्याच छताचा गिलावा पडायला आला होता. ठरलेला ठेकेदार फलक बघून घाबरला आणि फोन उचलेना. बाईंनी त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याला, जो हीच कामं करायचा, बोलावून घेतलं. वाळू आली, सिमेंट आलं. काम सुरू होऊन तास झाला नसेल, तेवढ्यात गुळव्यांचा माणूस मोटारसायकलवरून आला. बबनराव नाव. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. बाई खुर्ची टाकून वाळूच्या ढिगासमोर बसल्या होत्या. मी शेजारी उभा होतो आणि मला कामावर जायला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता.

“बाई, मालकांनी सांगितलंय, काम बंद करायचं हाय,” तो म्हणाला.

बाई म्हणाल्या की इमारत सुस्थितीत ठेवायची जबाबदारी पट्ट्याने सोसायटीवर टाकली आहे आणि ती त्या पाळताहेत. मालकांना हरकत असेल तर त्यांनी कोर्टातून कागद आणावा, तोपर्यंत काम चालू राहील. मग त्यांनी त्याला विचारलं, चहा घेणार का. तो बावरला. फोन काढून बाजूला गेला, पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, परत आला आणि उभाच राहिला. बाईंनी मला खुर्ची आणायला लावली. दोघं वाळूच्या दोन बाजूंना बसून चहा प्यायले. बाईंनी त्याचं गाव विचारलं. तो धायरीचाच निघाला. ज्या जागेवर आम्हाला घरं मिळणार होती, त्या बाजूलाच त्यांचं शेत होतं. विहीर होती. भावांनी सह्या केल्या, मग यानेही केली.

“विहिरीत पोहायचात?” बाईंनी विचारलं.

“तर. वरनं उड्या टाकायचो.” तो थोडा वेळ गच्चीकडे चढणाऱ्या घमेल्यांकडे बघत बसला. मग कपबशी खाली ठेवत म्हणाला, “आमची जमीन गेली तवा आसं खुर्ची टाकून कुणी बसलं न्हाई, बाई.”

तो काम न थांबवता निघून गेला. मालकाला काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. गच्ची त्या आठवड्यात पुरी झाली. फलक तसाच होता. बाई जाता-येता त्यावर ओला रुमाल वाळत घालू लागल्या.

पण गच्ची झाली म्हणून मुदत वाढत नव्हती. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी मनाने धायरीला खोल्या वाटून घेतल्या होत्या. अशात बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, जो माझ्यासकट कुणी विचारला नव्हता. जमिनीवर नाव एकट्या ऋषिकेशचं आहे का? नव्हतं. निम्मा हिस्सा त्याच्या आत्याचा होता, वत्सलाबाईंचा. त्या बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहत. आत्याचं माझ्याकडे लागलं, ती मी सांगेन तिथे सही करते, असं ऋषिकेशने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि आम्ही ते ऐकून घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, मी जाऊन येते. सेक्रेटरी म्हणून मलाही नेलं. चालत. दगडूशेठच्या गर्दीतून त्या माझ्या पुढे चालल्या होत्या, आणि मी मागून त्यांना गाठत होतो. वत्सलाबाई बाईंच्याच वयाच्या, अंगाने बारीक, नाकावर चष्मा. गॅलरीत बसून ताक पीत होत्या. आम्हाला बसा म्हणाल्या, पण ताक विचारलं नाही. बाईंनी इकडचं तिकडचं काही न बोलता मुदतवाढीचं सांगितलं. भाडं आजच्या मानाने योग्य ते घ्या, पण आम्हाला तीस वर्षं द्या, असं.

वत्सलाबाईंनी ताकाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, पट्टा तर संपलाय ना? ऋषी तसंच म्हणाला. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी हातानेच थांबवलं आणि स्वतः म्हणाल्या की संपलेला नाही, आणि धायरीचं तुम्हाला कुणी विचारलं का? वत्सलाबाईंनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा आवळल्यासारखा झाला.

“तुम्ही माझ्या भाच्याशी भांडायला मला वापरताय,” त्या म्हणाल्या.

“हो,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं संपलं, आता जिना उतरायचा. पण वत्सलाबाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग मोकळ्या. म्हणाल्या, “बाबा गेले तेव्हा मला विचारलं नाही, घर वाटलं तेव्हा विचारलं नाही. हिस्सा कागदावर राहिला तो कुणाच्या तरी विसरण्यामुळे राहिला असेल. तुम्ही पहिल्याच, ज्या जिना चढून काहीतरी मागायला आलात.” मग त्यांनी आतून दोन भांडी ताक आणवलं. त्या दिवशी हो म्हटलं नाही. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या वकिलाचा मला फोन आला, की वत्सलाबाई धायरीच्या कागदांवर सही करणार नाहीत आणि मुदतवाढीला तयार आहेत.

आत्याच्या सहीशिवाय ऋषिकेशला पुढे जाता येईना. तो बोलणी करायला तयार झाला. भाडं वाढवून तीस वर्षांवर गाडी आली. आम्ही जिंकल्यासारखे झालो होतो, आणि तेवढ्यात त्याने शेवटची अट घातली. सगळ्यांना मुदतवाढ, पण परचुरेबाईंचं घर त्यांच्यानंतर सोसायटीने गुळव्यांच्या ताब्यात द्यायचं. त्यांना वारस नाही, म्हणजे कुणाचं नुकसान नाही, असा त्याचा हिशेब. बाकी सगळं मान्य.

कमिटीने घाईघाईने सभा लावली आणि बाईंना मुद्दाम कळवलं नाही. अवघड वाटेल त्यांना, असं कारण. त्या सकाळी तलावावर गेलेल्या असताना आम्ही साठेकाकांच्या घरात जमलो. बोलणारे चांगले लोक होते. त्या असेपर्यंत तर त्यांना कुणी हलवत नाही, असं एक जण म्हणाला. नंतरचं त्यांना काय कळणार, असं दुसरा. दारं लावून, आवाज दाबून सगळे एकमेकांची समजूत घालत होते. अनघा दाराशी उभी होती. ती सभेत कधी बोलत नाही. ती म्हणाली, “ज्यांनी हे मिळवून दिलं, त्यांचंच घर देऊन आपण आपली घरं राखायची का? मी याच्या बाजूने हात वर करणार नाही. आणि आमच्या घरातून कुणी केला, तर मी त्याच्याशी बोलणार नाही.”

सगळ्यांत आधी कुलकर्णी उठले. म्हणाले, गच्ची माझ्या डोक्यावरची होती, उन्हात बसल्या होत्या त्या, मीही नाही म्हणतो. मग एकेक करत सगळेच नाही म्हणाले. साठेकाका तर असे म्हणाले, जणू ते पहिल्यापासून त्याच मताचे होते.

मी खूश होऊन बाईंना सांगायला गेलो. त्या केस पुसत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाल्या, “माझ्या घराची चर्चा माझ्यामागे केलीत?” मी म्हटलं, पण निकाल तुमच्या बाजूने लागला. त्या म्हणाल्या, “निकालाचं नाही विचारलं मी. सभेला मला बोलवायचं. विरोधात जाणार असाल तर आधी बोलवायचं.” मी मान डोलावली. दार लावता लावता त्यांनी विचारलं, सगळ्यांत आधी कोण बोललं. मी अनघाचं नाव सांगितलं. “ठीक,” बाई म्हणाल्या.

ऋषिकेश स्वतः त्यांच्याकडे येऊन गेला. तेव्हा मी तिथे होतो. त्याने अडून बघितलं, मग जरा चिडून विचारलं, बाई, तीस वर्षं घेऊन तुम्ही काय करणार आहात? बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “वापरता येतील तेवढी वापरीन. उरतील ती मला वाटेल त्याला देईन. तुमच्या हाती मात्र ती जाणार नाहीत.” सोसायटी हटत नव्हती आणि आत्याच्या सहीशिवाय धायरीही होत नव्हती. मग अट मागे घेतो म्हणाला, आणि उठताना त्याने त्यांना ‘परचुरेबाई’ म्हटलं. सह्या झाल्या, नोंदणी झाली, आणि फाटकावरचा लोखंडी फलक बबनरावांनीच येऊन काढून नेला.

त्यानंतर फार दिवस त्या नव्हत्या. आम्ही मुलीकडे नागपूरला गेलो असताना साठेकाकांचा फोन आला, की बाई झोपेतच गेल्या. घर त्यांनी तलावावर शिकवणाऱ्या एका मुलीच्या नावे केलं होतं. ती आता तिथे राहते. अनघाला त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही याची खंत आहे. मला तशी फारशी नाही, कारण नागपूरला निघालो त्या सकाळी मी त्यांना पाहिलं आहे.

बॅगा घेऊन आम्ही जिना उतरत होतो. पहिल्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. डबे, पातेली, गॅसची शेगडी, सगळं बाहेर मांडलेलं. आत घण चालू होता. बाईंनी स्वयंपाकघराचा ओटा फोडायला घेतला होता. पहिल्यापासून तो चार बोटं उंच होता म्हणे, पण जमिनीचंच खरं नव्हतं म्हणून इतके दिवस हात लावला नव्हता. त्या पसाऱ्यात त्या स्टुलावर बसल्या होत्या. भुवयांवर, केसांवर पांढरी धूळ. समोर ग्रॅनाइटवाला दोन तुकडे हातात धरून उभा. त्यातला स्वस्तातला पुढे करत तो त्यांना पटवत होता.

“हा घ्या बाई. वीस वर्षं याला काही होत नाही.”

बाईंनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, बोटाने कड तपासली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“आणि मग?” त्यांनी विचारलं.